गॅमा किरणांचा स्फोट: भडका सेकंदांचा, धग महिन्यांची

२ जुलै २०२५ रोजी फर्मी या अवकाश दुर्बिणीने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. थोड्या वेळाने त्याच दिशेला दुसरा, मग आणखी एक. असे स्फोट सहसा मिनिटभरात आटोपतात आणि एकदा पेटलेला स्रोत पुन्हा पेटत नाही, कारण पेटणारी वस्तूच त्यात संपलेली असते. हे प्रकरण मात्र सुमारे सात तास चाललं. आइनस्टाइन प्रोब या उपग्रहाच्या नोंदी चाळल्या तेव्हा आदल्या दिवशीही तिथून क्ष-किरण येत होते असं आढळलं. हे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असावं, असा सुरुवातीचा अंदाज होता. दृश्य प्रकाशात तिथे काहीच दिसेना. अवरक्त प्रकाशात मात्र विझत चाललेला एक ठिपका मिळाला आणि त्याच्याबरोबर धुळीने भरलेली एक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा समूह. तिथून निघालेल्या प्रकाशाला इथवर यायला सुमारे ८०० कोटी वर्षं लागली होती.

जीआरबी २५०७०२बी हे त्याचं नाव. जीआरबी म्हणजे 'गॅमा रे बर्स्ट', पुढचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, आणि शेवटचं अक्षर त्या दिवसातला क्रम सांगतं. (गंमत अशी की इतिहासातला पहिला नोंदलेला स्फोटही २ जुलैचाच, १९६७ सालचा. चोरून अणुचाचणी कोण करतंय यावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी तो पकडला, आणि ही माहिती उघड व्हायला १९७३ साल उजाडलं.)

अशी बातमी आली की वाचणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: काही सेकंदांच्या लुकलुकीवरून इतकं सगळं कळतं कसं? खरं सांगायचं तर त्या लुकलुकीवरून फारसं काही कळतच नाही. गॅमा किरण एवढंच सांगतात की काहीतरी घडलं. कुठे, किती लांब, कशामुळे, किती ऊर्जेने आणि कसल्या परिसरात, ही उत्तरं नंतरच्या उजेडातून काढावी लागतात, आणि तो उजेड क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत पसरलेला असतो.

## भडका वेगळा, धग वेगळी

स्फोट दोन प्रकारे होतात. सूर्याच्या कित्येक पट वजनाच्या ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर तयार होतं, किंवा एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्यांचे मागे उरलेले अतिघट्ट गाभे) शेवटी एकमेकांवर आदळतात. दोन्हींत मधल्या भोवऱ्यातून द्रव्याचे दोन अरुंद झोत विरुद्ध दिशांना सुटतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्क्यांहून जास्त असतो. झोताच्या आतच जी उलथापालथ होते तिच्यातून गॅमा किरण निघतात. हा भडका.

झोत तिथेच थांबत नाही. ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूत तो घुसतो. वेगाने निघालेल्या होडीच्या नाकापुढे पाणी साचतं, तसा त्याच्यापुढे वायू साचतो, दाबला जातो आणि एक शॉकवेव्ह तयार होते. तिच्यातले इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात, चुंबकीय क्षेत्रात गरगरत जातात आणि गरगरताना प्रकाश टाकतात. याला सिंक्रोट्रॉन उत्सर्जन म्हणतात. ही धग, इंग्रजीतलं नाव आफ्टरग्लो. वायू गोळा होत जातो तसा झोत मंदावतो आणि धग उतरत जाते. भडका सेकंदांत संपतो, धग क्ष-किरणांत दिवस ते आठवडे आणि रेडिओत कधी कधी वर्षानुवर्षं टिकते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की धग एकाच वेळी सगळ्या तरंगलांबींवर असते, पण सगळीकडे सारखी नसते. तिच्या वर्णपटाला (कोणत्या तरंगलांबीवर किती उजेड, याच्या आलेखाला) एक शिखर असतं आणि ते शिखर काळाबरोबर खाली सरकतं, म्हणजे जास्त कंप्रतेकडून (सेकंदाला जास्त कंपनांकडून) कमी कंप्रतेकडे. सरकण्याचा नियमही ठरलेला आहे: वेळ १०० पट झाली की शिखराची कंप्रता १,००० पटीने घटते. समजा, स्फोटानंतर १५ मिनिटांनी शिखर दृश्य प्रकाशात आहे. मग १० गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात ते पोहोचायला साधारण १४ दिवस लागतील. तापलेलं लोखंड निवताना पांढऱ्यावरून लालावर येतं, तसलाच काहीसा हा प्रकार आहे. फक्त इथे मुळात तापमान नावाची गोष्ट नाही, इलेक्ट्रॉनांचा वेग आहे. उपमा त्यापुढे ताणू नये.

म्हणून एकाच क्षणी सगळ्या दुर्बिणी रोखून काम भागत नाही. प्रत्येक तरंगलांबीची आपली वेळ असते.

## आधी पत्ता हवा

१९६७ ते १९९७ ही तीस वर्षं स्फोट सापडत होते, पण ते कुठे होतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण अगदी साधं आहे. गॅमा किरण आरशाने किंवा भिंगाने एका बिंदूत आणता येत नाहीत, ते आरपार जातात. मग दिशा कळणार कशी?

एक उपाय फर्मीवरच्या जीबीएम या उपकरणाचा. वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले सोडियम आयोडाइडचे १२ शोधक त्यात आहेत. कोणाला किती किरण मिळाले याची तुलना करून दिशा काढतात. डोळे मिटून कोणत्या गालावर ऊन जास्त लागतंय त्यावरून सूर्य कुठे आहे ते ओळखावं, तसंच हे. अचूकताही त्याच मापाची, चूक काही अंशांची. पाच अंश त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ ८० चौरस अंश आकाश, त्यात ४०० च्या आसपास पूर्णचंद्र मावतील. त्यातून एक मंद ठिपका शोधायचा.

दुसरा उपाय सावलीचा. २००४ मध्ये सोडलेल्या स्विफ्ट या उपग्रहावर बॅट नावाचं उपकरण आहे. शिशाच्या सुमारे ५२,००० छोट्या फरशा अनियमित नक्षीत बसवलेला एक पडदा आणि त्याखाली ३२,७६८ शोधक, अशी त्याची रचना. स्फोट झाला की नक्षीची सावली खाली पडते आणि सावली किती सरकली त्यावरून दिशा मिळते. चूक १ ते ४ आर्कमिनिटांची. मग सबंध उपग्रह वळतो, त्याला साधारण मिनिटभर लागतं, आणि त्याची क्ष-किरण दुर्बीण तोच पत्ता काही आर्कसेकंदांपर्यंत नेते. अंशांवरून मिनिटांवर, मिनिटांवरून सेकंदांवर. आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा.

१९९७ साली हेच पहिल्यांदा जमलं होतं, अर्थात सावकाश. २८ फेब्रुवारीच्या स्फोटानंतर इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने सुमारे आठ तासांनी क्ष-किरणांतली धग पकडली आणि त्याच दिवशी जमिनीवरून दृश्य प्रकाशातलीही मिळाली. मे महिन्यातल्या पुढच्या एका स्फोटाचं अंतर मोजता आलं आणि हे स्फोट आपल्या दीर्घिकेच्या कितीतरी पलीकडे होतात, हा वाद कायमचा मिटला. हा निकाल गॅमा किरणांनी नाही, धगीने दिला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

## घड्याळाशी गाठ

धगीचा सगळ्यात त्रासदायक गुण म्हणजे ती वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरते. वेळ दहापट, उजेड एक-दशांश. (कधी याहून वेगाने, कधी हळू, पण अंदाजाला हे पुरतं.) खगोलशास्त्रात तेजस्वितेला 'प्रत' म्हणतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद, आणि दहापट मंद म्हणजे अडीच प्रतींचा फरक. आता हिशोब मांडू. १०० सेकंदांनी धग १५व्या प्रतीची असेल, तर १,००० सेकंदांनी १७.५, १०,००० सेकंदांनी म्हणजे पावणेतीन तासांनी २०, आणि १,००,००० सेकंदांनी म्हणजे दुसऱ्या रात्री २२.५. मीटरभर आरशाच्या दुर्बिणीला काही मिनिटांत २०-२१ प्रतीपर्यंत पोहोचता येतं. म्हणजे तिच्या हातात तीन-चार तास. पहिल्या तासात लहान दुर्बीण जे करते ते दुसऱ्या दिवशी मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीला महाग पडतं.

उपग्रहाने दिलेला पत्ता जीसीएन या जाळ्यातून काही सेकंदांत जगभर जातो. तो वाचून स्वतःहून वळणाऱ्या यंत्रचलित दुर्बिणी आधी तीन गोष्टी तपासतात: जागा क्षितिजापासून पुरेशी वर आहे का, सूर्य पुरेसा खाली गेलाय का, चंद्र किती जवळ आहे. उत्तर 'हो' आलं की चित्रं घ्यायला सुरुवात. चुका होतात त्या इथून पुढे.

पहिली चूक चित्राच्या कालावधीची. सुरुवातीला १०-१० सेकंदांची चित्रं घ्यायची आणि मग ३०, ६०, ३०० असं वाढवत न्यायचं, हा रिवाज. पण कॅमेऱ्याला एक चित्र वाचून काढायलाच ३० सेकंद लागत असतील, तर १० सेकंदांच्या चित्रांत तीन-चतुर्थांश वेळ वाचनातच जातो. अशा कॅमेऱ्यावर वाचनाचा वेग वाढवावा किंवा चित्राचा फक्त मधला तुकडा वाचावा. चित्रं मागाहून एकावर एक रचून बेरीज करता येते. मोठं चित्र मागाहून तोडता येत नाही.

दुसरी चूक रंगांची. धगीचा रंग मोजायचा तर वेगवेगळे फिल्टर लावून तेजस्विता मोजावी लागते. समजा, १०० सेकंदांना लाल फिल्टरमधून मोजलं आणि २०० सेकंदांना निळ्यातून. तेवढ्या वेळात धग निम्मी झालेली असते, म्हणजे पाऊण प्रतीने मंद. तो पाऊण प्रतीचा फरक रंगाचा नाही, काळाचा आहे, पण आकडेवारीत तो रंग म्हणून घुसतो आणि मग कोणीतरी त्या दीर्घिकेत धूळ असल्याचं जाहीर करतं. म्हणून फिल्टरांचा क्रम लाल, निळा, पुन्हा लाल असा ठेवतात. दोन लाल मोजमापांवरून मधल्या क्षणी लाल किती असेल ते काढता येतं. सात पट्ट्यांत एकदम चित्र घेणारा ग्रॉन्डसारखा कॅमेरा असला तर ही कटकटच नको, पण असे कॅमेरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तिसरी चूक वेळ लिहिण्याची, आणि ती अनुभवी मंडळीही करतात. शून्य क्षण म्हणजे स्फोटाचा क्षण, दुर्बीण वळली तो नव्हे. वेळ जागतिक प्रमाणवेळेतच लिहायची. शिवाय लांब चित्राचा 'मध्य' फसवा असतो. १०० व्या सेकंदापासून ४०० व्या सेकंदापर्यंत चित्र घेतलं तर मध्य २५० वाटतो. पण धग सुरुवातीला जास्त तेजस्वी असल्याने बराचसा उजेड आधीच आलेला असतो. वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरणाऱ्या धगीसाठी योग्य क्षण २१६ व्या सेकंदावर पडतो. एका बिंदूसाठी हा फरक किरकोळ. पण आलेखाचा उतार काढताना असे पाच-सहा बिंदू सरकले की उतार चुकतो, आणि उतारावरच तर पुढचं सगळं शास्त्र उभं आहे.

प्रतींची मोजपट्टीही एकच नाही. वेगा ताऱ्याला शून्य मानणारी जुनी पद्धत आणि एबी नावाची नवी यांत लाल पट्ट्यात सुमारे ०.२ प्रतीचा फरक पडतो. कोणती वापरली हे न लिहिता दोन वेधशाळांचे आकडे एकाच आलेखावर टाकले, तर नसलेला चढ किंवा उतार दिसू लागतो.

## तो ठिपका धगीचाच कशावरून?

शंका रास्त आहे. आकाशात अचानक दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. लघुग्रह फिरत फिरत त्या जागी आलेला असू शकतो. पण तो तासाभरात आपली जागा सोडतो, म्हणून अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं त्याला उघडं पाडतात. लहान लाल ताऱ्यांवर अधूनमधून ज्वाला उठतात. तिथे जुन्या आकाशनकाशांत आधीपासून एक मंद लाल तारा असतो. वैश्विक किरण कॅमेऱ्यावर आदळला तर ठिपका एकाच चित्रात दिसतो आणि ताऱ्यांपेक्षा अणकुचीदार असतो. या सगळ्यांतून तरलेला, जुन्या नकाशात नसलेला, जागा न सोडणारा आणि तासागणिक मंदावत जाणारा ठिपका क्ष-किरणांच्या वर्तुळात बसला, की प्रकरण जवळपास पक्कं.

आठवड्याने वेगळीच अडचण येते. धग उतरत उतरत तिच्यामागच्या दीर्घिकेच्या उजेडाइतकी मंद होते आणि आलेख सपाट होतो. धग थांबली असं वाटतं, पण आपण दीर्घिका मोजत असतो. काही महिन्यांनी, सगळं विझल्यावर, त्याच जागेचं चित्र घेऊन ते आधीच्या चित्रांतून वजा करणं हा एकच खात्रीचा मार्ग.

## काहीच दिसलं नाही तर?

क्ष-किरणांत धग ठळक, दृश्य प्रकाशात अंधार. असे बरेच स्फोट सापडतात. अशा वेळी हात टेकायचे नसतात, कारण न दिसणं हीसुद्धा माहिती आहे. फक्त किती प्रतीपर्यंत पाहिलं आणि नाही दिसलं, हे लिहावं लागतं.

कारणं मुख्यतः दोन. एक धूळ. ती निळा प्रकाश जास्त खाते, लाल कमी, अवरक्त त्याहून कमी. दुसरं कारण अंतर. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरचा प्रकाश ताणला जाऊन लाल बाजूला सरकतो, ही ताम्रसृती. फार दूरच्या वस्तूंच्या बाबतीत वाटेतला हायड्रोजन १२१६ अँगस्ट्रॉमहून (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) छोट्या तरंगलांबीचा प्रकाश गिळून टाकतो आणि ही गिळलेली कडाही ताणली जाते. २३ एप्रिल २००९ च्या जीआरबी ०९०४२३ ची ताम्रसृती ८.२ होती. म्हणजे कडा ९.२ पट ताणली गेली आणि सुमारे ११,२०० अँगस्ट्रॉमवर पोहोचली, थेट अवरक्तात. दृश्य प्रकाशाची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीणही तिथे कोरीच राहिली असती.

धूळ आणि अंतर यांतला फरक ओळखता येतो. धूळ उजेड हळूहळू कमी करते, अंतराची कडा चाकूने कापल्यासारखी असते. म्हणून दिसलं नाही तर लगेच लांब तरंगलांबीकडे वळायचं, तेही त्याच रात्री. दूरच्या स्फोटांत निसर्ग थोडी सवलतही देतो, कारण वेळसुद्धा ताणली जाते. ८.२ ताम्रसृतीच्या स्फोटाचा आपला एक दिवस म्हणजे तिथले अडीच-पावणेतीन तास. उशिरा पोहोचूनही आपण धगीचा ताजा भाग पाहत असतो.

## अंतर कसं मोजतात, आणि ते खरं कशावरून

धग पुरेशी तेजस्वी असेतो तिच्या उजेडाचा वर्णपट घेतात. धगीचा स्वतःचा वर्णपट गुळगुळीत असतो, त्यावर वाटेतल्या वायूने काढलेल्या काळ्या रेषा दिसतात. मॅग्नेशियमची रेषांची एक जोडी प्रयोगशाळेत २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉमवर असते. तीच जोडी ५५९२ आणि ५६०६ वर सापडली तर प्रकाश दुप्पट ताणला गेलाय, ताम्रसृती १.

इथे जाणकार आक्षेप घेतो: रेषा वाटेतल्या दुसऱ्याच एखाद्या दीर्घिकेच्या असल्या तर? बरोबर आहे. म्हणून नुसत्या मॅग्नेशियमवरून मिळालेलं अंतर म्हणजे 'किमान इतकं' एवढंच धरतात. खरं घर ओळखायला स्फोटाच्याच अतिनील माऱ्याने चेतवलेल्या लोखंडाच्या आणि सिलिकॉनच्या खास रेषा कामी येतात. वाटेतल्या थंड वायूत त्या उमटत नाहीत. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरचं एक्स-शूटर हे उपकरण अतिनीलपासून अवरक्तापर्यंतचा पट्टा एकदम घेतं आणि अशा कामाला ते फार उपयोगी पडतं. तरीही स्विफ्टच्या साधारण एक-तृतीयांश स्फोटांचंच अंतर हाती लागलं आहे. बाकीच्यांच्या वेळी ढग होते, दिवस होता किंवा वर्णपट घेईपर्यंत धग विझली होती.

## रेडिओ उशिरा येतो, पण जास्त बोलतो

रेडिओला ढगांचा, दिवसाचा, धुळीचा त्रास नाही. त्रास आहे तो मंदपणाचा: बहुतेक धगी रेडिओत मिलीजान्स्कीच्याही (जान्स्की हे रेडिओ तेजस्वितेचं एकक) आत राहतात आणि पुष्कळ तर सापडतच नाहीत. पहिले काही दिवस कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी धगीतच अडकून पडतात, तिच्यातलेच इलेक्ट्रॉन त्या शोषून घेतात. म्हणून आधी मिलिमीटर लहरींवर चिलीतली अल्मा, मग काही गिगाहर्ट्झवर अमेरिकेतली व्हीएलए आणि शेवटी गिगाहर्ट्झच्या खाली पुण्याजवळची जीएमआरटी, असा दुर्बिणींचा क्रम लागतो. दुसऱ्या दिवशी कमी कंप्रतेवर काही मिळालं नाही म्हणून निरीक्षण थांबवणं ही नेहमीची घाई. तिथली पाळी अजून आलेलीच नसते.

आणि रेडिओ काय देतं? धगीचा आकार. तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, कारण ग्रहाचं बिंब मोठं असतं. तसंच दीर्घिकेतल्या वायूमुळे रेडिओ स्रोतही लुकलुकतात, पण ते फार लहान असतील तरच. मे १९९७ च्या स्फोटाची धग सुरुवातीला रेडिओत जोरात लुकलुकत होती आणि काही आठवड्यांनी लुकलुक थंडावली. म्हणजे तेवढ्यात ती फुगली होती. किती फुगली आणि किती दिवसांत, यावरून वेग काढला तर तो प्रकाशाच्या वेगाला भिडलेला निघाला. झोत इतक्या वेगाने जातो ही तोवर कागदावरची गोष्ट होती.

## सूर्याच्या आयुष्यभराची ऊर्जा काही सेकंदांत? अतिशयोक्तीच!

आकडा त्याच्या शंभरपट सांगितला तर होतेच. उजेड सगळीकडे सारखा पसरतोय असं धरून हिशोब केला तर काही स्फोटांची ऊर्जा सूर्य १,००० कोटी वर्षांत जितकी देईल तिच्या शंभर पट किंवा त्याहूनही जास्त येते. पण उजेड झोतात आहे. बॅटरीचा झोत तोंडावर पडला म्हणून ती चहूबाजूंनी तितकीच प्रखर आहे असं आपण म्हणत नाही.

झोत किती अरुंद आहे हे धगीच्या उतारावरून कळतं. सुरुवातीला वेग इतका असतो की सापेक्षतेच्या नियमामुळे झोताचा समोरचा एक छोटा भागच आपल्याला दिसतो, कडा दिसतच नाही. वेग कमी होत जातो तसा दिसणारा भाग रुंदावतो आणि एक दिवस कडेला पोहोचतो. त्यापलीकडे उजेड द्यायला काही नसतंच. मग धग एकाएकी जास्त वेगाने उतरू लागते, आलेख मोडतो. हा मोड क्ष-किरणांत आणि दृश्य प्रकाशात एकाच वेळी यायला हवा, कारण तो भूमितीचा आहे. एकाच पट्ट्यात आला तर कारण दुसरं काहीतरी. वेगवेगळ्या तरंगलांबींवर एकाच वेळी मोजण्याचा आग्रह इथे शब्दशः फळाला येतो.

मोडाच्या वेळेवरून झोताचा कोन सहसा काही अंशांचा निघतो. मध्यापासून कडेपर्यंत ५ अंश धरले तर दोन्ही झोत मिळून आकाशाचा २६० वा भाग व्यापतात. ऊर्जाही तितक्या पटीने खाली येते आणि बहुतेक स्फोट सूर्याच्या आयुष्यभराच्या ऊर्जेच्या आसपास येऊन बसतात. हेही कमी नाही. आणि आपल्याला दिसलेल्या एका स्फोटामागे तसेच अडीचशेहून जास्त स्फोट आपल्याला वगळून दुसरीकडे तोंड करून झालेले असतात.

## दोन सेकंदांचा नियम

गॅमा किरणांची मधली ९० टक्के मात्रा दोन सेकंदांत आली तर स्फोट 'छोटा', जास्त वेळ लागला तर 'लांब'. छोटे न्यूट्रॉन ताऱ्यांचे, लांब कोसळत्या ताऱ्यांचे, अशी वाटणी बरीच वर्षं चालली. लांब स्फोटांमागे सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारा तारा, असतो, हेही धगीनेच दाखवलं. उतरणारा आलेख दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा थोडा फुगतो आणि वर्णपटात सुपरनोव्हाच्या रुंद रेषा येतात. मार्च २००३ च्या जीआरबी ०३०३२९ मध्ये हे अगदी स्वच्छ दिसलं.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी छोटा स्फोट आला आणि वाटणीची दुसरी बाजूही सिद्ध झाली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत साधारण ११ तासांनी एक नवा ठिपका मिळाला. तो दिवसागणिक निळ्यावरून लालावर गेला. नव्याने घडलेल्या जड मूलद्रव्यांची ती धग होती, तिला किलोनोव्हा म्हणतात. झोताची धग मात्र कुठेच नव्हती. क्ष-किरण नवव्या दिवशी मिळाले, रेडिओ सोळाव्या दिवशी, आणि पुढे उतरण्याऐवजी उजेड चार-पाच महिने चढत राहिला! झोताचं तोंड आपल्याकडे नव्हतं. तो मंदावून त्याचा उजेड बाजूला पसरला तेव्हा कुठे आपल्या वाट्याला आला. पहिल्या आठवड्यात 'क्ष-किरण नाहीत' म्हणून फाइल बंद केली असती, तर हे हातचं गेलं असतं.

मग नियम पुन्हा डळमळला. डिसेंबर २०२१ आणि मार्च २०२३ मधले दोन स्फोट दोन सेकंदांहून कितीतरी लांब होते, तरी त्यांच्या धगीत सुपरनोव्हा नव्हता, किलोनोव्हाची लाली होती. दुसऱ्यात ती जेम्स वेब दुर्बिणीने टिपली. आज कालावधी हा पहिला अंदाज म्हणून ठीक आहे, निकाल म्हणून नाही.

## सगळ्यात तेजस्वी स्फोटही ओळखू आला नव्हता

९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए हजारो वर्षांतून एकदा व्हावा इतका तेजस्वी होता. फर्मीने तो जागतिक वेळेनुसार १३ वाजून १६ मिनिटं ५९ सेकंदांनी टिपला. स्विफ्टच्या नजरेआड तेव्हा ती दिशा होती. १४ वाजून १० मिनिटांनी ती दिशा नजरेत आल्यावर स्विफ्टही सावध झाली, पण तिला दिसत होती ती नुसती धग. ५३ मिनिटांनंतरची धगच इतकी प्रखर की तिलाच नवी घटना समजलं गेलं. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ होती, त्यामुळे आपल्याच दीर्घिकेतला नवा क्ष-किरण स्रोत म्हणून नावही दिलं गेलं. दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता.

चीनमधल्या लासो वेधशाळेला याच स्फोटातून टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात ६४,००० हून जास्त प्रकाशकण मिळाले. असा एक कण दृश्य प्रकाशाच्या कणापेक्षा सुमारे ५०,००० कोटी पट ऊर्जेचा. इतके ऊर्जावान कण दूरवरून येताना वाटेतल्या अवरक्त प्रकाशावर आदळून नष्ट होतात, म्हणून या पट्ट्यात तुलनेने जवळचे स्फोटच मिळतात. उघड्या डोळ्यांना मात्र हा स्फोट दिसला नसता, वाटेत धूळ होती. दिसण्याजोगा होता तो १९ मार्च २००८ चा. ७५० कोटी प्रकाशवर्षांवरून येऊनही तो ५.३ प्रतीपर्यंत पोहोचला आणि अर्धं मिनिटभर उघड्या डोळ्यांना दिसला असता. त्याची सुरुवातही चित्रित झाली, कारण अर्ध्या तासापूर्वी जवळच दुसरा स्फोट झाला होता आणि मोठ्या आवाक्याचे कॅमेरे आधीच तिकडे लागले होते. नशीब म्हणतात ते हेच.

राहिला धोक्याचा प्रश्न. गॅमा किरण वातावरणात वरच अडतात. २०२२ च्या स्फोटाने वरच्या आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित थरात) खळबळ उडवली, ती उपकरणांना जाणवली, माणसांना नाही. काळजी करण्यासारखा स्फोट आपल्याच दीर्घिकेत, बराच जवळ आणि नेमका आपल्याकडे तोंड करून व्हावा लागेल.

## भडका चुकला आणि धग सापडली तर?

झोताच्या गणिताप्रमाणे अशा 'अनाथ' धगी पुष्कळ असायला हव्यात. भडका दुसरीकडे गेला किंवा कोणताच उपग्रह त्या दिशेला पाहत नव्हता, धग मात्र सगळ्यांसाठी खुली. रात्रीमागून रात्र आकाशाचे मोठे पट्टे चाळणाऱ्या झेडटीएफसारख्या सर्वेक्षणांना अशा काही मिळाल्याही आहेत. अडचण अशी की शून्य क्षणच माहीत नसतो. तो नसेल तर उतार काढता येत नाही, कारण १०० सेकंदांची धग की १०,००० सेकंदांची, हे ठिपका पाहून कळत नाही. म्हणून असा ठिपका मिळाला की आधी त्याच जागेचं शेवटचं कोरं चित्र कधीचं ते शोधतात, त्या दोहोंमधल्या खिडकीत कोणत्या उपग्रहाने त्या दिशेला काही नोंदलंय का ते पडताळतात, आणि त्याच रात्री दुसरं मोजमाप मागतात. तो मंदावतच नसेल, तर दुर्बीण दुसऱ्या कामाला देतात.